प्रादेशिक विकासासाठी शासकीय गुंतवणूक प्रकल्पांचे नेतृत्व : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश

मागास प्रदेशाचा आर्थिक विकास साधण्यासाठी शासन व्यापारी स्वरूपाच्या गुंतवणूक प्रकल्पांचे नेतृत्व करते. रेल्वे, औद्योगिक वसाहती, सहकारी प्रक्रिया उद्योग, द्रुतगती महामार्ग ही त्याची ठळक रूपे होत. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील १८७० पासूनच्या निवडक प्रकल्पांच्या आधारे या नेतृत्वाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. प्रकल्प उभारण्यात शासन बहुधा यशस्वी ठरले. परंतु उभारणीनंतर त्या प्रकल्पाभोवती गुंतवणूक रुजविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी अनुत्तरित राहिला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रादेशिक असमतोल, गुंतवणूक प्रकल्प, समृद्धी महामार्ग, औद्योगिक वसाहत, बुलढाणा पॅटर्न, अग्रणी संस्था.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक विकासात प्रादेशिक असमतोल हा राज्यनिर्मितीपासूनचा चर्चाविषय आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली आपल्या अहवालात राज्यातील विकासाचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर राज्यघटनेच्या कलम ३७१(२) अन्वये १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान डॉ. विजय केळकर समितीने २०१३ साली समतोल विकासाविषयीचा अहवाल शासनास सादर केला.

या संपूर्ण चर्चेचा भर अनुशेषावर, म्हणजेच झालेल्या आणि न झालेल्या खर्चावर राहिला. खर्च झाला की विकास झाला, असे गृहीतक त्यामागे नकळत रूढ झाले. वास्तविक पाहता शासनाने खर्च केलेला रुपया हा प्रादेशिक विकासाचा आरंभबिंदू असतो. त्या रुपयामागोमाग खाजगी, सहकारी व कौटुंबिक गुंतवणूक त्या प्रदेशात आली तरच विकासाची साखळी पूर्ण होते. ही मागोमाग येणारी गुंतवणूक आपोआप येत नाही. ती कोणीतरी आणावी लागते. म्हणूनच गुंतवणूक प्रकल्पाचे 'नेतृत्व' ही स्वतंत्र अभ्यासाची बाब ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : प्रकल्प-नेतृत्व या संकल्पनेचे स्पष्टीकरण करणे, बुलढाणा जिल्ह्यातील प्रमुख प्रकल्पांच्या अनुभवाचा त्या दृष्टीने आढावा घेणे, आणि त्यातून व्यवहार्य उपाययोजना सुचविणे. लेख दुय्यम स्रोतांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

व्यापारी गुंतवणूक प्रकल्प म्हणजे ज्यातून काही परतावा अपेक्षित आहे असा प्रकल्प. शाळा किंवा आरोग्य केंद्र बांधताना शासन परताव्याचा विचार करीत नाही. महामार्गावर पथकर घेतला जातो, औद्योगिक भूखंडाचे अधिमूल्य आकारले जाते, गोदामाचे भाडे मिळते. म्हणून हे प्रकल्प व्यापारी ठरतात. मात्र शासन असे प्रकल्प केवळ परताव्यासाठी हाती घेत नाही. एखाद्या प्रदेशातील उत्पन्न, रोजगार व उत्पादकता वाढावी हा त्यामागील मूळ हेतू असतो. या दुहेरी हेतूमुळेच अशा प्रकल्पांचे नेतृत्व खाजगी प्रकल्पाच्या व्यवस्थापनाहून कठीण असते. पथकर वेळेवर जमा होत असतानाही रस्त्याकाठचा प्रदेश जसाच्या तसा राहू शकतो. अशा वेळी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या सफल आणि विकासाच्या दृष्टीने विफल ठरतो.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा पेरू यांनी १९५० च्या दशकात मांडलेली 'विकासध्रुव' ही संकल्पना येथे उपयुक्त आहे. एखादा मोठा उद्योग आपल्याभोवती इतर उद्योगांना खेचून घेतो, असे तिचे सार आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली या विचाराला 'साखळी संबंधां'ची जोड दिली. उद्योग कच्चा माल जेथून घेतो त्या बाजूस त्याचे पश्चगामी संबंध असतात आणि त्याचा माल जेथे वापरला जातो त्या बाजूस अग्रगामी संबंध असतात. हे संबंध जिल्ह्याच्या आत जुळले तर विकास जिल्ह्यात राहतो, बाहेर जुळले तर तो बाहेर जातो. मागास प्रदेशात ध्रुव उभा करणे तुलनेने सोपे असते, संबंध जुळविणे अवघड असते.

नेतृत्वाचा आणखी एक नमुना अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचा आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या या एकाच संस्थेकडे पूरनियंत्रण, जलवाहतूक व वीजनिर्मितीबरोबरच खते व शेतीसुधारणा हे विषयही सोपविले गेले. या प्रयोगाविषयी मतभेद असले तरी एका भूभागासाठी एक उत्तरदायी संस्था हे त्यातील सूत्र महत्त्वाचे आहे.

जिल्ह्याची आर्थिक रचना : घाटावर व घाटाखाली

अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर असून त्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती आणि त्यातील बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहत होते. कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही येथील मुख्य पिके होत.

जिल्ह्यातील लोक बोलताना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. ही केवळ भौगोलिक विभागणी नाही, गुंतवणुकीचा इतिहासही त्याच रेषेने विभागला गेला आहे. मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखालील तालुके. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ याच पट्ट्यातून गेला. बाजारपेठा, जिनिंग-प्रेसिंग व मोठे कारखानेही प्रामुख्याने येथेच आले. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगाव राजा हे घाटावरील तालुके दीर्घकाळ लोहमार्गापासून वंचित राहिले. जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी पिढ्यान्पिढ्या होत आली, ती याच कारणाने.

पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतीवरील संकट या जिल्ह्यानेही सोसले आहे. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यात बुलढाण्याचा समावेश होता. तेव्हा या जिल्ह्यात गुंतवणूक प्रकल्प रुजतो की नाही, हा प्रश्न शेतकरी कुटुंबांच्या उपजीविकेशी थेट निगडित आहे.

खामगावचा लोहमार्ग : पहिला धडा

जिल्ह्यातील शासन-प्रणीत व्यापारी गुंतवणुकीचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे जलंब-खामगाव हा लोहमार्ग. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली आणि वऱ्हाडच्या कापसाचे महत्त्व एकाएकी वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. परंतु खामगावची कापूस बाजारपेठ मुख्य मार्गापासून काही मैल दूर राहिली होती. ती जोडण्यासाठी 'खामगाव स्टेट रेल्वे' या नावाने शासकीय लोहमार्ग बांधण्यात आला आणि मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला.

प्रकल्प-नेतृत्वाच्या दृष्टीने या मार्गाची निवड अचूक होती. बाजारपेठ आधीच अस्तित्वात होती, वाहतुकीसाठी माल निश्चित होता आणि मार्ग लहान असल्याने भांडवल मर्यादित लागले. पुढे १८९७ च्या वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजाराचे नियमनही झाले. म्हणजे शासनाने रूळ टाकले आणि त्याबरोबर बाजारसंस्थाही घडविली. खामगाव परिसरात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, सराफी पेढ्या वाढल्या आणि चांदीच्या व्यवहारामुळे पुढे या शहरास 'रजतनगरी' असे संबोधले जाऊ लागले.

तथापि या प्रकल्पाचा उद्देश प्रदेशाचा विकास हा नव्हता, कापूस बाहेर नेणे हा होता. सरकी काढणे व गाठी बांधणे एवढीच प्रक्रिया स्थानिक पातळीवर राहिली. सूत आणि कापड यांचे मूल्य अन्यत्र निर्माण झाले. हर्शमन यांच्या भाषेत सांगायचे तर अग्रगामी संबंध जिल्ह्याबाहेर जुळले. दळणवळणाचा मार्ग दोन्ही दिशांनी खुला असतो. प्रक्रियेची सोय जागेवर नसेल तर तोच मार्ग प्रदेशातील मूल्य अधिक वेगाने बाहेर नेतो, हा खामगावचा पहिला धडा होय.

औद्योगिक वसाहती व प्रोत्साहने

स्वातंत्र्योत्तर काळात नेतृत्वाचे साधन बदलले. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६४ पासून मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे सवलती मिळू लागल्या. तालुक्यांचे मागासलेपणानुसार गट पाडून अधिक मागास गटास अधिक सवलत, असे तिचे तत्त्व आहे. २०१६ साली विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरातही सवलत देण्यात आली.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा आदी ठिकाणी औद्योगिक क्षेत्रे विकसित झाली. खामगाव येथे हिंदुस्थान युनिलिव्हरचा कारखाना आला, मलकापुरात रसायन उद्योग आले. तथापि औद्योगिक वसाहतीच्या पद्धतीत एक अंगभूत मर्यादा आहे. महामंडळ जमीन संपादित करते, रस्ते, पाणी व वीज पुरविते आणि भूखंड वितरित करते. भूखंड दिला गेला की प्रशासकीय लक्ष्य गाठले जाते. त्या भूखंडावरील कारखाना कोणता कच्चा माल वापरतो, तो जिल्ह्यात पिकतो काय, पूरक सुटे भाग कोठून येतात, स्थानिक तरुणांकडे आवश्यक कौशल्य आहे काय, हे प्रश्न कोणत्याच एका कार्यालयाच्या कार्यकक्षेत पूर्णतः येत नाहीत. जिल्हा उद्योग केंद्र, कौशल्य विकास विभाग, कृषी विभाग व पणन मंडळ हे सारे आपापल्या परीने काम करतात. त्यांचा सूत्रधार मात्र निश्चित नसतो.

याउलट एक उदाहरण घाटावरच्या भागात दिसते. शेजारच्या जालना शहरात १९६४ साली महिकोची स्थापना झाली आणि कालांतराने जालना हे बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. या उद्योगाने देऊळगाव राजा व सिंदखेडराजा तालुक्यांतील शेतकऱ्यांशी करार करून शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन रुजविले. येथे कंपनीला पुरवठा हवा होता, शेतकऱ्यास निश्चित खरेदीदार हवा होता. कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असूनही पश्चगामी संबंध बुलढाण्याच्या शेतात जुळले. या व्यवहारातही परागीभवनाच्या कामास लागणारे मजूर, बियाणे नापास झाल्यास होणारे नुकसान असे प्रश्न आहेत. तरी गुंतवणूक रुजण्याची रीत त्यातून समजते.

सहकार आणि पतपुरवठा

पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्याने ग्रामीण गुंतवणुकीचे नेतृत्व केले. तोच नमुना पाण्याची शाश्वती नसलेल्या विदर्भात आणण्याचा प्रयत्न झाला. सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड येथील जिजामाता सहकारी साखर कारखाना हे त्याचे उदाहरण. हा कारखाना पुढे बंद पडला. साखर कारखान्यास ऊस लागतो, उसाला बारमाही पाणी लागते. सिंचनाचा पाया तयार होण्यापूर्वी त्यावरील इमारत उभी केली की ती टिकणे कठीण होते.

सिंचनाच्या बाबतीत विलंबाची किंमत किती मोठी असते हे नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पावरून कळते. १९९० च्या दशकात चारशे कोटी रुपयांच्या आत असलेला त्याचा मूळ अंदाज सुधारित मान्यतांमध्ये १३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिलेला वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प मोताळा तालुक्यातील नळगंगेपर्यंत पाणी आणू पाहतो. त्याचे नियोजन करताना जिगावचा हा अनुभव डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

पतपुरवठ्याची कथाही बोलकी आहे. २०१२ साली परवान्याअभावी रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर निर्बंध घातले. पुढे केंद्र व राज्य शासनाच्या भांडवली साहाय्याने बँक सावरली. परंतु मधल्या काळात पीककर्जाचा एक महत्त्वाचा स्रोत आटला. त्याच जिल्ह्यात १९८६ साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था बहुराज्यीय विस्तार करून देशातील मोठ्या पतसंस्थांमध्ये गणली जाऊ लागली. गोदामे उभारून शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्याची तिची पद्धत उल्लेखनीय आहे. सुगीत भाव पडलेले असताना माल विकण्याची सक्ती त्यामुळे टळते. जिल्ह्यात बचत होते, भांडवल जमते आणि ते हाताळण्याची क्षमताही आहे, हे यावरून सिद्ध होते. जिल्हा मागास आहे म्हणून तेथे भांडवल नाही, हा समज तपासून घ्यावा लागेल.

समृद्धी महामार्ग : पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग हा राज्य शासनाच्या नेतृत्वाखालील अलीकडचा सर्वांत मोठा व्यापारी गुंतवणूक प्रकल्प होय. २०१५ साली घोषित झालेला हा ७०१ किलोमीटर लांबीचा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तो बांधला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यात या मार्गाची लांबी सुमारे ८७ किलोमीटर असून तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. दीड शतकापूर्वी लोहमार्ग घाटाखालून गेला होता. देशपातळीवरील बाजारपेठांशी जोडणारा पहिला मोठा मार्ग घाटावर आला तो या रूपाने.

भूसंपादनात शासनाने आरंभी भूसंचय पद्धतीचा पर्याय ठेवला होता. जमीन देणाऱ्यास विकसित भूखंड आणि काही वर्षे वार्षिक मोबदला मिळावा, म्हणजे तो प्रकल्पाचा भागीदार व्हावा, ही त्यामागील कल्पना. विरोध झाल्यानंतर थेट खरेदीचा पर्याय आला आणि ग्रामीण भागात बाजारमूल्य दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला देण्यात आला. बहुतेक शेतकऱ्यांनी थेट खरेदी पसंत केली. या निवडीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेतकऱ्याने आज हाती येणारी रक्कम स्वीकारली आणि उद्याच्या विकासातील वाटा नाकारला. शासन उद्या काय करील याविषयी त्याला खात्री वाटली नाही. विश्वासाची ही तूट कोणत्याही प्रकल्प अहवालात आकड्याने दाखविली जात नाही. परंतु नेतृत्वाची खरी कसोटी तीच आहे.

महामार्गाच्या मूळ संकल्पनेत रस्ता हा एक भाग होता. रस्त्यालगत 'कृषी समृद्धी नवनगरे' वसवून तेथे शेतमाल प्रक्रिया, साठवण व वाहतूक केंद्रे उभारणे हा दुसरा भाग होता. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळ या परिसरांची त्यासाठी निवड झाली. रस्ता पूर्ण झाला तेव्हा नवनगरांची कल्पना मात्र मुख्यतः आराखड्याच्याच टप्प्यावर होती. याचे कारण उघड आहे. रस्त्याचे काम मोजता येते, कंत्राटात बांधता येते आणि त्याची तारीख ठरविता येते. नवनगरासाठी उद्योजक, बँक, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणीपुरवठा व ग्रामसभा या सर्वांना एकत्र आणावे लागते. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाचे कौशल्य पहिल्या कामाचे आहे. दुसरे काम वेगळ्या स्वभावाचे आहे.

संचालनाच्या टप्प्यातही हेच दिसून आले. महामार्ग खुला झाला तेव्हा विश्रांतीस्थळे, उपाहारगृहे, वाहनदुरुस्ती यांसारख्या सुविधा अपुऱ्या असल्याची टीका झाली. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात खाजगी बसला अपघात होऊन लागलेल्या आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले आणि महामार्गावरील सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. रस्त्याकाठच्या सेवा ही प्रवाशांची गरज आहे, तसाच तो स्थानिक तरुणांसाठी मध्यम भांडवलाचा व्यवसाय आहे. त्या रस्त्याबरोबरच नियोजित झाल्या असत्या तर दोन्ही हेतू साध्य झाले असते.

दुसरबीडच्या परिसरात बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याचा आणि नव्या द्रुतगती महामार्गाचा असे दोन काळांचे दोन प्रयत्न शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात स्थानिक सहभाग होता, पायाभूत आधार नव्हता. दुसऱ्यात पायाभूत आधार भक्कम आहे, स्थानिक सहभागाची रचना अपुरी आहे.

बुलढाणा पॅटर्न : करारात गुंफलेला लाभ

याच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रयोग मात्र वेगळी दिशा दाखवितो. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम, माती व दगड मोठ्या प्रमाणावर लागतात. कंत्राटदार एरव्ही टेकड्या खोदून किंवा खाजगी खाणींतून हा माल आणतो. राष्ट्रीय महामार्गांच्या कामात हाच माल शासकीय तलाव, नाले व नद्यांच्या खोलीकरणातून घेण्याची पद्धत येथे अवलंबिली गेली. कंत्राटदारास गौण खनिज विनामूल्य मिळाले, गावाच्या तलावाची साठवणक्षमता विनाखर्च वाढली. नीती आयोगाने या पद्धतीची दखल घेतली आणि 'बुलढाणा पॅटर्न' हे नाव देशभर झाले.

या प्रयोगाचे महत्त्व जलसंधारणापुरते सीमित नाही. येथे कंत्राटदाराचा नफा आणि गावाचा लाभ एकाच कृतीतून निर्माण झाला. कंत्राटदाराने परोपकार करावा अशी अपेक्षा ठेवलेली नव्हती आणि रस्ता झाल्यावर विकास आपोआप येईल असे गृहीतही धरलेले नव्हते. सामाजिक लाभ कामाच्या पद्धतीतच गुंफला गेला. खोलीकरण किती व कोठे करावे याचे शास्त्रीय निकष पाळले गेले नाहीत तर हानी संभवते, हे खरे. परंतु तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे. हे तत्त्व भूखंडवाटप, गोदामे व प्रक्रिया उद्योग यांना लावणे, ही पुढची पायरी होय.

अग्रणी संस्थेची आवश्यकता

वरील विवेचनावरून प्रकल्प-नेतृत्वाचे पाच टप्पे सांगता येतात : प्रकल्पाची निवड, जमीन व संमती, वित्त व करार, उभारणी, आणि उभारणीनंतरची रुजवणूक. बुलढाण्यात चौथा टप्पा अनेकदा पार पडला. पाचव्या टप्प्यास मात्र धनी मिळाला नाही.

याबाबत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या विचाराचे स्मरण उचित ठरेल. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली पतपुरवठ्यासाठी क्षेत्रनिष्ठ दृष्टिकोन मांडला आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. प्रत्येक जिल्ह्यात एका बँकेने पुढाकार घेऊन इतर बँकांचा समन्वय साधावा, हे तिचे सूत्र. कर्जासाठी जिल्ह्यास अग्रणी बँक लाभली. गुंतवणुकीसाठी अग्रणी संस्था मात्र लाभली नाही. २०२३ च्या महाराष्ट्र उद्योग, व्यापार व गुंतवणूक सुविधा अधिनियमाने परवानग्यांसाठी एक खिडकी दिली. तथापि परवानगी देणे आणि गुंतवणूक रुजविणे यांत फरक आहे. सामंजस्य करार हा हेतूचा कागद असतो, तो कारखाना नव्हे.

शेंद्रा-बिडकीन येथील ऑरिक या औद्योगिक नगरासाठी राज्य औद्योगिक महामंडळ व केंद्रीय न्यास यांची ५१ व ४९ टक्के भागीदारी असलेली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. नगर वसविणे, भूखंड देणे आणि ते चालविणे या तिन्हींची जबाबदारी तिच्याकडे राहिली. बुलढाण्याचे प्रमाण लहान आहे. त्यामुळे यंत्रणाही लहान असू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बँकेने मान्यता दिलेल्या महास्ट्राइड प्रकल्पाचा भर जिल्ह्यांची नियोजन-क्षमता वाढविण्यावर आहे. त्या अनुषंगाने जिल्हा पातळीवर अशी रचना करण्यास अनुकूल काळ आहे.

उपाययोजना

१. जिल्हा नियोजन समितीच्या अंतर्गत एक अग्रणी गुंतवणूक संस्था नियुक्त करावी. उद्घाटनानंतर किमान दहा वर्षे प्रकल्पाच्या परिणामांचे उत्तरदायित्व तिच्याकडे असावे.

२. प्रकल्पाच्या यशाचे मोजमाप झालेल्या खर्चावर न करता मागोमाग आलेली गुंतवणूक, स्थानिक कच्च्या मालाचा वापर व स्थानिक रोजगार या तीन निकषांवर दरवर्षी प्रसिद्ध करावे.

३. साब्रा-काब्रा व सावरगाव माळ येथे संपूर्ण नगराची वाट न पाहता गोदाम, प्रतवारी व सोयाबीन-कडधान्य प्रक्रिया यांपासून आरंभ करावा. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविल्या गेलेल्या स्मार्ट प्रकल्पातून बळ मिळालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना त्यात भागभांडवल द्यावे.

४. बुलढाणा पॅटर्नप्रमाणे प्रत्येक शासकीय कंत्राटात स्थानिक लाभाची अट कामाच्या पद्धतीतच अंतर्भूत करावी.

५. जमीन देणाऱ्या कुटुंबांना पर्याय देताना भागीदारीचा परतावा शासनहमीसह लेखी द्यावा, म्हणजे विश्वासाची तूट भरून निघण्यास आरंभ होईल.

६. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र, वाणिज्य व भूगोल विभागांनी महामार्गालगतच्या गावांचे ठरावीक कालांतराने सर्वेक्षण करावे. मोबदल्याची रक्कम कशात गुंतली, शेतीबाहेरचे उत्पन्न वाढले काय, यांची स्थानिक आधारसामग्री तयार करणे हे महाविद्यालयांना सहज शक्य आहे आणि त्याची उणीव शासनासही जाणवते.

निष्कर्ष

बुलढाणा जिल्ह्यात शासनाने दीड शतकात वेगवेगळ्या साधनांनी गुंतवणुकीचे नेतृत्व केले. लोहमार्गाने बाजार जोडला, औद्योगिक वसाहतींनी जागा दिली, सहकाराने सहभाग दिला, महामार्गाने वेग दिला. यांपैकी प्रत्येक साधनात दुसऱ्याचा गुण उणा राहिला. प्रकल्प उभारणे हा विकासाचा पूर्वार्ध होय. त्याभोवती स्थानिक उत्पादन, भांडवल व कौशल्य गुंफणे हा उत्तरार्ध होय. पूर्वार्धासाठी महामंडळे आहेत, निधी आहे आणि मुदती आहेत. उत्तरार्धासाठीही तशीच निश्चित, उत्तरदायी आणि जिल्ह्यात वास्तव्य असणारी यंत्रणा हवी. ती उभी राहिली नाही तर घाटावरील शेतमाल पूर्वीपेक्षा कमी वेळात मुंबईस पोहोचेल आणि त्यावरील प्रक्रियेचे मूल्य खामगावच्या कापसाप्रमाणेच जिल्ह्याबाहेर निर्माण होत राहील.